पाय शेवटी येतात

देवीच्या कवचात फायदा होता तो हंबीररावांचा, आणि तोही अंथरुणातून न उठता. बायकोनं पहाटे अंघोळ करून उशाशी बसायचं आणि एकेका देवीचं नाव घेत त्यांच्या एकेका अवयवावर हात ठेवायचा. डोकं एकीच्या हवाली, डोळे दुसरीच्या, छाती तिसरीच्या. ते चालवत त्या ट्रकच्या विम्याला निदान हप्ता तरी होता. इथला हप्ता बाळाबाई भरायच्या, आणि हंबीरराव बहुतेक घोरत असायचे.

आजऱ्याला माहेरी असताना एका देवीउपासक बुवांनी बाळाबाईंना हे स्तोत्र दिलं होतं. अट एवढीच की शेंडीपासून तळव्यापर्यंत खंड पडू द्यायचा नाही, मध्ये बोलायचं नाही. पण गडमुडशिंगीच्या घरात दोन म्हशी होत्या, आणि डेअरीचा माणूस देवीसाठी माप थांबवत नसे. मांड्यांपर्यंत आलं की बाळाबाईंच्या डोळ्यांपुढं किटली यायची. मग गुडघे, पोटऱ्या, पावलं एका दमात उरकायची. हात तर पांघरुणावरूनच फिरायचा.

शहाण्णव साली हंबीररावांच्या डाव्या अंगठ्याला फोड आला. बाळाबाई दवाखान्यात चला म्हणून मागं लागल्या. "तुझं कवच हाय की," म्हणत ते सांगलीच्या खेपा करत राहिले. शेवटी गेले ते क्लचचा पाय तिथंच ठेवून आले, गुडघ्याच्या वरपासून. डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचं सगळं समजावलं. बाळाबाईंनी मान हलवली. घरात टिकलं ते मात्र बघायला आलेल्या नणंदेचं, आक्कांचं वाक्य.

"डोस्कं राखलंस, पाय सोडलास."

आक्कांना त्या घाईचं काही ठाऊक नव्हतं. टोमणा अंदाजानं मारलेला, पण बसला नेमका.

हंबीरराव घरी आल्यानंतरच्या पहिल्या पहाटे बाळाबाई उशाशी बसल्या. आज किटली मनात नव्हती. डोकं, गळा, छाती सावकाश झाली. मांडीच्या पट्टीपाशी हात अडला. पुढचं गाळावं तर खंड पडणार, म्हणावं तर हात ठेवायचा कुठं? त्यांनी पांघरूण सारलं आणि जिथं पाय असता तिथं, गादीवर, तळवा टेकला. इतक्या वर्षांत पावलांचे शब्द पहिल्यांदाच धड उमटले.

"गादीला राखून काय करतीस?"

हंबीरराव जागे होते.

बाळाबाईंच्या तोंडचं कवच तिथंच मोडलं. "माझ्यानं गेला," त्या म्हणाल्या. "पायापाशी घाई करायची मी. रोजच."

"ठावं हाय. रोज का झोपलेला असतोय व्हय मी?"

"मग बोलला न्हाईसा?"

"दूध जायाचं हुतं की डेअरीला." ते पुढं म्हणाले, "आन् दवाखान्याला गेलो न्हाई त्यो मी."

त्यांनी बायकोचा हात गादीवरून उचलला आणि तिच्याच पावलावर ठेवला.

"हितं ठिव. आता सगळं ह्यांच्यावरच चालायचं हाय."

बोटांना टाचेच्या भेगा लागल्या, भेगांत वाळलेलं शेण. ही जागा आजवर कुठल्याच देवीला सोपवली नव्हती. हात काढवेना, आणि कवच तर पुन्हा शेंडीपासून धरायला हवं होतं. त्यांनी ते धरलं, हात टाचेवर ठेवूनच.

तोवर डेअरीचं माप बंद होऊन दूध घरातच राहिलं. त्याची भरपाई त्या टाचांनीच केली, उन्हात किटली घेऊन, पार उचगावपर्यंत दारोदार.