खालची धार

विज्ञानाच्या सरांची नोकरी कायम होणार की नाही, हे एका भोकं पाडलेल्या डब्यावर येऊन ठेपलं होतं. तपासणीला साहेब येणार होते आणि धडा होता खोल समुद्रातल्या पाण्याच्या दाबाचा. सरांनी समुद्र चित्रातच पाहिला होता, पण वर्गात ते असे बोलत, जणू रोज तळाला जाऊन येतात.

पुस्तकात एक चित्र होतं. उभा डबा, त्याला एकाखाली एक तीन भोकं, तिन्हींतून धारा. खोल जावं तसा दाब वाढतो, म्हणून सगळ्यात खालची धार सगळ्यात लांब पडते. सर वर्षानुवर्षं हेच फळ्यावर काढत आले होते आणि खडूने त्यांना कधी दगा दिला नव्हता.

आदल्या संध्याकाळी त्यांनी मोरीत रंगीत तालीम घेतली. डबा फरशीवर ठेवला, भोकांवरची चिकटपट्टी ओढली, आणि मधलीच धार पुढे गेली! खालची सुटली जोरात, पण लगेच फरशीला टेकली. सरांनी डबा बदलला, नवी भोकं पाडली, शेवटी पाण्यालाच चार शब्द सुनावले.

त्यांची मुलगी त्यांच्याच वर्गात शिकत होती. ती दारातून सगळं बघत होती.

"बाबा, खालच्या धारेला पडायला जागाच कुठे आहे? डबा स्टुलावर ठेवा ना."

तिने स्वतःच ठेवून दाखवला. खालची धार सगळ्यांना मागे टाकून थेट समोरच्या भिंतीपाशी.

"चित्रात स्टूल आहे?" सर कडाडले.

"नाही."

"मग? जास्त शहाणपणा नको. छापलंय तेच होणार."

दुसऱ्या दिवशी डबा वर्गातल्या फरशीवर, अगदी चित्राबरहुकूम. साहेब समोर खुर्चीत. सरांनी पट्टी ओढली आणि मधली धार साहेबांच्या चकचकीत बुटात शिरली. सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

साहेबांनी पाय मागे घेतला आणि विचारलं, "सांगा मुलांनो, कुठली धार लांब गेली?"

"खालची!" अख्खा वर्ग ओरडला.

साहेबांनी नेमकं सरांच्या मुलीकडे बोट केलं. "तू सांग गं."

तिने बुटाकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"खालची."

"शाब्बास! तयारी उत्तम आहे," म्हणत साहेबांनी ओला मोजा पिळला.

सर कायम झाले. स्टाफरूममध्ये हार घातला गेला, टाळ्या झाल्या, पण मुलीचं ते "खालची" काही कानातून जाईना. सरांना चक्क लाज वाटत होती, आणि लाजेची सवय नसल्यामुळे तिचं करायचं काय ते सुचत नव्हतं. संध्याकाळी त्यांनी आपणहून स्टूल मोरीत नेलं, डबा भरला आणि लाडाने हाक मारली.

"ये गं, तुझा प्रयोग करू. कुठली धार लांब जाते ते बघू."

मुलीने गृहपाठातून मान वर केली नाही.

"बघायचं कशाला, बाबा? उत्तर पाठ आहे माझं."