लाल रेघेखालची नावं

उत्तरा दामले एकदाच सांगत असत. डोंबिवलीच्या त्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागून त्यांना बावीस वर्षं झाली होती, आणि बावीस वर्षं पहिल्या तासाला त्या फळ्यासमोर उभं राहून तेच नियम सांगत आल्या होत्या. ज्या दिवशीचा प्रयोग त्याच दिवशी जर्नलमध्ये उतरवायचा, त्याच दिवशी माझी सही घ्यायची. सही नाही तर सर्टिफिकेट नाही, आणि सर्टिफिकेट नाही तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसायचं नाही. "मी दोनदा सांगत नाही," हे शेवटचं वाक्य. आवाज असा खणखणीत, की शेजारच्या वर्गातली पोरंही सावरून बसत. स्टाफरूममध्ये या शिस्तीचं कौतुक होतं आणि बाईंना ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोला.

परीक्षेच्या दिवशी सकाळी साडेनऊला लॅबच्या दारात अमृता सोनवणे येऊन उभी राहिली. दिव्याहून लोकलने येणारी, अंगाने किरकोळ, मागच्या टेबलावर मुकाट काम करणारी मुलगी. छातीशी खाकी कव्हरचं जर्नल. दहाला तिची बॅच सुरू व्हायची होती.

"मॅडम, सह्या हव्या होत्या."

"किती राहिल्यात?"

"सगळ्याच."

उत्तराबाईंनी जर्नल ओढून घेतलं. दहाच्या दहा प्रयोग लिहिलेले, अक्षर सुरेख, आकृत्या पेन्सिलीने काढलेल्या, आकडेमोड चोख. सहीची जागा मात्र दहाही पानांवर कोरी. बाईंचं डोकंच फिरलं.

"तीन महिने झोपली होतीस?"

"मला वाटलं शेवटी एकदम घ्यायच्या. बारावीला तसंच होतं मॅडम. सगळ्यांची जर्नलं गठ्ठ्याने द्यायची, सर एकदम सह्या करून द्यायचे."

"आणि इथे दर वेळी माझ्या टेबलाशी पोरांची रांग लागायची, ती दिसली नाही?"

"दिसायची." अमृताने ओठ चावला. "मला वाटलं ज्यांचं रीडिंग चुकलंय त्यांना तुम्ही बोलावताय. माझं बरोबर यायचं."

काचेची भांडी पुसत उभे असलेले लॅब अटेंडंट सीताराममामा गालात हसले. लॅबमध्ये त्यांची तीस वर्षं गेली होती, त्यांना हसायचा अधिकार होता. बाईंनी वळून पाहिल्यावर मात्र ते पुन्हा भांड्यांकडे वळले.

"पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं मी."

"मी नव्हते मॅडम."

"मग विचारायचंस!"

"विचारलेलं. ऑगस्टमध्ये. तुम्ही बोललात, पहिल्या दिवशी सांगितलंय, मी दोनदा सांगत नाही, मैत्रिणीला विचार." अमृता जमिनीकडे बघत म्हणाली, "तेव्हा मला मैत्रीण नव्हती कोण."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. नऊ पस्तीस.

"मॅडम, विषय राहून केटी लागली तर बाबा कॉलेज बंद करणार. कल्याणला मॉलमध्ये काउंटरवर लावायचं ठरवलंय, माझ्या मामाने बोलून पण ठेवलंय." एवढं बोलताना मुलीचे डोळे भरून आले, पण तिने रडू दिलं नाही स्वतःला.

सीताराममामा फडकं खांद्यावर टाकून जवळ आले. "मागच्या तारखा टाका की मॅडम. दहा सह्या, दोन मिनिटांचं काम. पोरगी एकदा पण प्रयोगाला चुकली नाही, मी बघितलंय ना. कोण विचारतंय?"

"मी मागच्या तारखेची सही आजवर केलेली नाही मामा, आणि आज करणार नाही." बाई टेबलाच्या खणाकडे वळल्या. "आणि तू, थांब. दहा जुलैला, पहिल्या तासाला, वर्गात होतीस की नव्हतीस, ते तुला दाखवतेच."

त्यांनी हजेरीचं रजिस्टर काढून जुलैचं पान उघडलं आणि नावांवरून बोट खाली न्यायला सुरुवात केली. सत्तावन्न नावं छापील. त्याखाली लाल रेघ. दुसऱ्या यादीचे प्रवेश संपले की ऑफिसमधून ही रेघ मारली जायची आणि तिसऱ्या यादीत आलेली मुलं तिच्याखाली हाताने लिहिली जायची. रेघेखाली सात नावं होती, चौथं अमृताचं. जुलैचे तिचे सगळे रकाने रिकामे. पहिली हजेरी चार ऑगस्टची, प्रयोग सुरू झाले त्या दिवसाची, आणि ती बाईंनी स्वतःच्या हाताने मांडलेली.

बाईंचं बोट तिथेच राहिलं. रोज हे पान उघडायचं, रोज ही रेघ ओलांडून नावं घ्यायची, आणि कधी एकदाही मनात आलं नाही, की रेघेखालच्या पोरांनी ते नियम ऐकलेच नाहीत. आधी त्यांना राग आला. तो काढायला कोणी सापडेना, तेव्हा लाज वाटली, अशी की कानाच्या पाळ्या तापल्या.

मामांचा सल्ला आता वेगळाच दिसू लागला. मागच्या तारखा टाकल्या असत्या तर मुलीची चूक झाकली गेली असती आणि तिच्या आडोशाला बाईंचीही. कोणाला कधी कळलं नसतं. बाईंनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. नऊ चाळीस.

मग त्यांनी दहाही पानांवर सह्या केल्या. प्रत्येक सहीखाली तारीख टाकली ती आजची. सर्टिफिकेटवर सही केली आणि एक कोरा कागद घेऊन लिहिलं : 'सदर विद्यार्थिनीचा प्रवेश उशिरा झाला. जर्नलसंबंधीचे नियम तिला सांगण्यात आले नव्हते. तिने विचारणा केली असतानाही मी सांगितले नाही. चूक माझी आहे.'

बाहेरचे परीक्षक, महेंद्र गायकवाड, पावणेदहाला ठाण्याहून आले. माणूस कडक, चहासुद्धा परीक्षा संपल्यावर घेणारा. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला.

"मॅडम, हा कागद मला रिपोर्टला जोडावा लागेल. प्राचार्य तुमच्याकडे खुलासा मागतील."

"मागू देत."

"इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिला असेल."

"हो सर. पहिलाच."

गायकवाड जर्नल चाळू लागले. लॅबमध्ये एकेक मुलगा येऊन आपापल्या टेबलाशी उभा राहत होता, अमृता अजून दारातच. दहाला तीन मिनिटं कमी.

"काय गं, टायट्रेशनला एंड पॉइंट कसा ओळखलास?"

"फिका गुलाबी रंग येतो सर. तीस सेकंद टिकला पाहिजे." अमृता दारातूनच म्हणाली. "पहिल्यांदा माझा गडद झालेला. ते रीडिंग खोडलं नाही, बाजूला लिहून ठेवलंय."

परीक्षकांनी पान शोधलं. समासात रीडिंग होतं, त्यापुढे बारीक अक्षरात 'जास्त पडलं'. गायकवाडांनी जर्नल मिटून बाकीच्या गठ्ठ्यावर ठेवलं.

"जा, उभी राहा आपल्या जागेवर."

अमृता धावलीच. मामांनी तिच्या ब्युरेटची काचेची नळी स्टँडमध्ये उगाचच एकदा घट्ट केली.

इथे बाईंना हायसं वाटायला हवं होतं. पण रजिस्टर पुन्हा खणात ठेवताना खालचं गेल्या वर्षीचं रजिस्टर दिसलं. गेल्या वर्षीही एक मुलगा असाच दारात उभा होता. साईनाथ. जर्नल पूर्ण, सही एकही नाही. 'मॅडम, मला कोणी सांगितलंच नव्हतं,' असं तो म्हणाला होता. बाईंनी त्याला परत पाठवलं आणि दुपारी स्टाफरूममध्ये त्याची नक्कल करून दाखवली होती. सगळ्या हसल्या होत्या. त्यानंतर तो कॉलेजात दिसला नाही.

त्यांनी रजिस्टर उघडलं. साईनाथचं नाव लाल रेघेखाली होतं.

परीक्षा संपेपर्यंत त्यांनी ते मिटलं नाही. गायकवाड चहा घ्यायला गेल्यावर त्या व्हरांड्यात आल्या आणि रजिस्टरच्या शेवटच्या पानावरचा त्याचा नंबर लावला.

"हॅलो, कोण?"

"साईनाथ, मी दामले मॅडम बोलतेय. केमिस्ट्रीच्या."

पलीकडे हॉर्न वाजत होते. "बोला मॅडम." आवाजात ना राग ना आनंद. "मी आता पार्सल टाकतो. कल्याणला."

"तू म्हणाला होतास, तुला कोणी सांगितलं नव्हतं. ते खरं होतं. मी ऐकलं नाही तुझं."

"आता काय मॅडम त्याचं. जर्नल पण रद्दीत गेलं."

"नवीन करू. केटीचा फॉर्म पंधरा तारखेपर्यंत भरता येतो, खिडकी नंबर दोन. येताना मार्कशीट आण. प्रयोग मी करून घेईन, शनिवारी, दुपारी दोनला, आणि सही त्याच दिवशी देईन."

"गाडीवर आहे मॅडम, नीट ऐकू नाही आलं," साईनाथ म्हणाला. मग जरा चाचरत, "परत एकदा सांगता?"

उत्तराबाईंनी पहिल्यापासून, सावकाश, परत सांगितलं.