बँकॉकात अष्टशील

निवृत्त झालो की तुला परदेश दाखवतो, असं टेंभुर्णीचे मुख्याध्यापक अण्णासाहेब बायकोला, गिरिजाबाईंना, म्हणाले होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाल्यावर त्यांना ते आठवलं. खरं तर मुलगी रूपालीनं आठवण करून दिली, आणि दोघांची बँकॉकची तिकिटंही तिनंच काढली. पहिल्याच संध्याकाळी नदीवर नावेची सफर होती. नावेवर जेवण, गाणं, नाच. त्या नावेचा फोटो गिरिजाबाईंनी मोबाईलवर इतक्यांदा पाहिला होता, की कुठल्या टेबलाशी बसायचं तेही त्यांचं ठरलं होतं.

अण्णासाहेबांची अट एकच होती. नव्या शहरात पहिलं पाऊल विहारात पडलं पाहिजे. त्यासाठी पांढरी साडी आणि पांढरा शर्ट-पायजमा टेंभुर्णीहून इस्त्री करून वेगळ्या पिशवीत आणला होता. विहारात जायचं तर पांढरं घालायचं, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

विहारात बरीच माणसं रंगीत कपड्यांत हिंडत होती. अण्णासाहेबांना ते खटकलं. एका बाजूला मात्र पांढऱ्या कपड्यांतली साठेक माणसं शिस्तीत बसली होती. त्यांतली एक बाई उठली, हसली, आणि तिनं या दोघांना त्यांच्यात नेऊन बसवलं.

"बघ, ओळखलं आपल्याला," अण्णासाहेब म्हणाले.

भन्तेंनी पालीतून शीलं द्यायला सुरुवात केली. शब्द ओळखीचे, चाल भलतीच. अण्णासाहेबांना वाटलं, मंडळी चुकून राह्यली. दर रविवारी टेंभुर्णीत करतात तसं त्यांनी सगळ्यांना वळणावर आणण्यासाठी आवाज चढवला. पाच शीलं झाली. भन्ते थांबले नाहीत, म्हणून अण्णासाहेबही थांबले नाहीत. दर आषाढी पौर्णिमेला अष्टशील घ्यायच्या सवयीनं सहावं, सातवं, आठवं बिनचूक म्हणून ते मोकळे झाले.

अंगणातल्या फलकावरची इंग्रजी त्यांनी दोनदा वाचली, तेव्हा उलगडा झाला. इथं पांढरे कपडे घालून येतात ते अष्टशील घ्यायला. नुसतं दर्शनाला येणारा साध्या कपड्यांत येतो. म्हणजे आता उद्या सूर्य उगवेपर्यंत दुपारी बारानंतर जेवण बंद, नाच-गाणं बंद, उंच मऊ बिछाना बंद.

"चुकून घेतलं ना? मंग द्या सोडून," गिरिजाबाई म्हणाल्या.

"चुकून कसं? बोललो मी. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं बोललो."

तेवढ्यात तिथल्या घड्याळात बारा वाजले. अण्णासाहेबांच्या मनगटावर साडेदहा होते, कारण घड्याळ अजून टेंभुर्णीचंच होतं. गिरिजाबाईंनी सुचवलं, की पोटही टेंभुर्णीचंच आहे, तर खाऊन घ्यावं. अण्णासाहेबांना मुद्दा बराबर वाटला. पण भन्ते इथले, मग बारा कुठले धरायचे? या प्रश्नावर ते एका बाकावर बसून विचार करत राहिले. निर्णय होईपर्यंत मनगटावरही बारा वाजले.

हॉटेलात आल्यावर त्यांनी गादी दोन बोटांनी दाबून पाहिली आणि चादर फरशीवर अंथरली. मग जाहीर केलं, की नावेवर जाता येणार नाही. गिरिजाबाईंनी बॅगेतून मोरपंखी साडी काढली आणि निऱ्या घालायला घेतल्या.

"तू बी घेतलंयस अष्टशील. माझ्या शेजारीच व्हतीस."

"पाच म्हणले मी. मंग गप बसले."

"का?"

"दरसाल गप बसते. आषाढीला सगळे उपाशी राहता, पण लेकरांना संध्याकाळी भाकर लागती. भाजीचं मीठ कोण बघणार व्हतं?"

चाळीस वर्षं आपण घरात अष्टशील पाळून घेतो, अशी अण्णासाहेबांची समजूत होती. ते फरशीवरच्या चादरीकडे पाहत बसले. गिरिजाबाईंनी पदर खोचला आणि लिफ्टचं खाली जायचं बटण कुठलं, तेवढं विचारलं. तालुक्याच्या गावी, जाफ्राबादलाही, त्या कधी एकट्या गेल्या नव्हत्या. अण्णासाहेब उठले आणि चप्पल घालू लागले.

नावेवर त्यांनी तोडगा काढला. रंगमंचाकडे पाठ आणि डोळे बंद. कानांचं काय करावं, ते सुचलं नाही. गिरिजाबाईंनी आपलं ताट संपवलं, मग त्यांचं ओढून घेतलं. थोड्या वेळानं ढोलकीसारखं काहीतरी जवळ आलं, बायका हसल्या, आणि शेजारची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"गिरिजा, काय चाललंय?"

टाळ्या वाढल्या. कुणीतरी थाई भाषेत काहीतरी ओरडलं, आणि त्या गलक्यात गिरिजाबाईंचं हसू त्यांना स्पष्ट ऐकू आलं. असं हसू त्यांनी घरात कधी ऐकल्याचं आठवेना. स्वतःच्या बायकोकडे बघणं हे नाच बघण्यात मोडतं का, असा नवा प्रश्न उभा राहिला. यावर भन्तेंना विचारायला हवं होतं. पण भन्ते लांब होते, म्हणून निर्णय होईपर्यंत त्यांनी खुर्ची वळवली आणि तूर्त डावा डोळा उघडला.