प्रॉक्सी लावणारी बोटे

मित्रांनो, वॉलॉंगॉंग शहरातल्या एका घरासमोर, रस्त्याकडेच्या गवतावर, फाटक्या गादीशेजारी पडलेला मी एक जुना कीबोर्ड आहे. उद्या सकाळी काउन्सिलचा ट्रक येईल आणि टाकाऊ सामानाबरोबर मलाही उचलून नेईल. तोवर मला एकच गोष्ट सांगायची आहे. कारण ती ठाऊक असलेल्या दोन माणसांनी मौन पत्करले आहे.

माझी घडण संगणकावरच्या ऑनलाइन खेळांच्या स्पर्धांसाठीच झाली होती. कोणती कळ केव्हा दाबली आणि किती वेळ दाबून धरली, याची अचूक वार्ता मी संगणकाला देत असे. या गुणासाठीच श्रेयसने मला घरी आणले. तो पुण्याहून येथे युनिला, म्हणजे विद्यापीठात, शिकायला आला, स्थायिक झाला आणि एका कारखान्यात शिफ्टला जाऊ लागला. कामावरून आल्यावर हात धुऊन, कोरडे करूनच तो मला स्पर्श करी. त्याची बोटे जड होती. कळ दाबल्यावर क्षणभर तेथेच रेंगाळत. त्याच घरात राहणारा सलिल हा त्याचा पुण्याच्या कॉलेजातला मित्र. सलिलची बोटे टेकताच उडत. मला डोळे नाहीत, तरी या दोघांच्या बाबतीत माझी कधी गल्लत झाली नाही.

श्रेयस चारुताच्या पाच जणांच्या संघात होता. क्वेकर्स हिल उपनगरात राहणारी चारुता दिवसभर दातांच्या दवाखान्यात काम करी आणि संध्याकाळी संघाचा सराव घेई. तीन वर्षे तो संघ पात्रता फेरीतच हरला होता. चौथ्या वर्षी, निर्णायक सामन्याच्या दुपारी, श्रेयसला अचानक शिफ्टचे बोलावणे आले.

"सलिल, आज माझ्या अकाउंटवरून तू खेळ," बूट चढवत तो म्हणाला.

"वेडा आहेस का? याच टूर्नामेंटमध्ये माझी स्वतःची टीम आहे."

"अरे, प्रॉक्सी लाव म्हणतोय, किडनी नाही मागत. कॉलेजात माझ्या नावाने किती वेळा 'प्रेझेंट सर' ओरडलास?"

"तू पण माझी लावायचास, म्हणून."

"मग? एकच मॅच, मेट. नो वरीज."

प्रॉक्सी लावणे हा त्या दोघांच्या लेखी मैत्रीचा पुरावा होता. वर्गात तशी हजेरी लागली तर कोणी हरत नाही. येथे मात्र समोर पाच माणसे श्रेयसशी खेळत आहोत अशा विश्वासाने बसली होती. हा भेद दोघांपैकी एकालाही दिसला नाही.

आवाज ओळखू येऊ नये म्हणून सलिलने चारुताला लिहिले, 'माझा माईक बिघडलाय.' ते पहिले खोटे माझ्याच कळांनी उमटले. संघ जिंकला. हेडफोनमधून चारुता ओरडली, "श्रेयस, यू ब्यूटी! आज तुझ्या अंगात कोण शिरलं होतं रे?"

हरलेल्यांनी तक्रार केली. आयोजकांनी कळांच्या नोंदी पडताळल्या, आणि माझ्या अचूकपणामुळे सारे उघड झाले. श्रेयसने अपराध मान्य केला. नाव मात्र सांगितले नाही. समितीने त्याला दोन वर्षांची बंदी घातली. शिवाय असे बजावले की, खेळणारा कोण हे शुक्रवारी पाचपर्यंत कळले नाही, तर साऱ्या संघाला कट ठाऊक होता असे मानून उरलेल्या चौघांनाही वर्षभर बाहेर ठेवले जाईल.

चारुता ट्रेनने या घरी आली.

"मला दोन वर्षं बरोबर आहेत," श्रेयस म्हणाला. "माझी तक्रार नाही."

"तुझं सोड. मला काय माहीत होतं? नाव सांग."

"मित्राचं नाव नाही घेणार मी."

"मग मी कोण रे तुझी?"

सलिल चहा ढवळत राहिला.

शुक्रवारी साडेचारला सलिल माझ्यापाशी बसला. त्याने लिहिले, 'तो सामना मी खेळलो. चारुताला आणि इतर तिघांना काहीही ठाऊक नव्हते.' मी अक्षर न् अक्षर जपून पोहोचवले. मग त्याला स्वतःचा संघ आठवला असावा. एरवी उडणारे त्याचे बोट प्रथमच पुसणाऱ्या कळेवर रुतून बसले, आणि शेवटचे अक्षर पुसले जाईपर्यंत उठले नाही. पाच वाजले, आणि चारुतासह चौघेही वर्षभरासाठी बाहेर गेले.

मित्रांनो, शिक्षा असू नये असे मी म्हणत नाही. श्रेयसची दोन वर्षे न्याय्य होती: ज्याने नाव उसने दिले त्याला ती मिळाली आणि त्यांना शेवट होता. तितकीच शिक्षा ज्याने बोटे उसनी दिली त्यालाही हवी होती. नाव सापडत नाही म्हणून हाताशी असलेल्या निरपराधांना शिक्षा करणे हा न्याय नव्हे. तीही एक प्रॉक्सीच. तुम्ही कीबोर्डावरची धूळ अवश्य पुसा. पण दुसऱ्याच्या नावाने कळ दाबण्यापूर्वी, त्या नावामागे आणखी किती जण उभे आहेत, हे मोजून पाहा.

उद्या मेलबर्नला अंतिम फेरी आहे. सलिल तेथे स्वतःच्या संघातून नव्या कीबोर्डावर खेळेल. माझी ती पुसणारी कळ त्या शुक्रवारी खाली गेली, ती पुन्हा वर आली नाही. म्हणूनच मी या गवतावर आहे.