उशिराचा ठोका

पंपाचं झाकण उघडून सिराजुद्दीन कान देऊन बसला होता. सकाळपासून त्याला एक ठोका ऐकू येत होता. दोन जवळजवळ, आणि मग एक रेंगाळलेला, वाट चुकून उशिरा घरी आल्यासारखा. बेअरिंग गेलं असणार, असं त्यानं धरलं होतं. पण फिरता शाफ्ट निरखून पाहिला, बेअरिंगच्या कव्हरावर बोटं टेकवून पाहिली. कुठं काही ढिलं नव्हतं. शेवटी त्यानं पंप बंद केला. खजुरीच्या बागेवर शांतता पसरली, आणि त्या शांततेत ठोका तसाच चालू राहिला.

"मियाँ, पंप बंद हाय," चिपळूणचा फिटर पांडू म्हणाला. "आता काय ऐकतोस, सोताचा काळीज?"

सिराजनं मान वळवली. खजुरीच्या सावलीत, पाण्याच्या लोखंडी पाइपावर एक काळाभोर म्हातारा बसला होता. त्याची लांब बोटं पाइपावर पडत होती. दोन जवळजवळ, मग एक उशिरा.

सिराजच्या हातातला पाना हातातच राहिला. हा ठोका त्यानं जगात एकाच ठिकाणी ऐकला होता: मुरुडला, मागच्या अंगणात, नानीच्या बोटांखाली. घरात कुणी जन्मलं किंवा कुणी गेलं, की नानी तांब्याचं पातेलं उपडं घाली आणि त्यावर असंच वाजवी. "दर्यापलीकडून आपण एवढाच आणला," ती म्हणे. दर्यापलीकडे काय होतं, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"तुझा चुलताच दिसतोय रे ह्यो!" पांडू खिदळला. "टोपी काढ बघू. केस जुळवून बघूया."

"गप रे. काम कर." सिराजनं टोपी कपाळावर आणखी खाली ओढली.

कामगारांच्या कॅम्पात तो सिराज मुरुडकर होता. सिद्दी, म्हणजे हबशांच्या वंशाचा, हा शब्द त्यानं विमानात बसण्याआधीच मागं ठेवला होता, दारात जुनी चप्पल सोडावी तसा. केस मुळापासून कापलेले, वर कायम जाळीची टोपी. तरी कॅम्पातले दिवे गेले की कुणीतरी ओरडेच, "सिराजला हसायला सांगा रे, उजेड पडंल!" आणि सगळ्यांच्या आधी सिराज हसे.

अरबी वाळवंटातल्या हुफूफच्या बागांना पूर्वी झऱ्यांचं पाणी होतं. तेलाचा पैसा आला, जागोजाग विहिरी खोल गेल्या, झरे आटले आणि त्यांच्या जागी पंप धडधडू लागले. त्या पंपांमागे कोकणातली माणसं आली. त्यांचे सुपरवायझर हुसेनमियाँ म्हसळ्याचे. गोरेपान, खानदानी, मोजकं बोलणारे. त्यांच्या पुतण्याशी, यासीनशी, सिराजच्या मुलीची, मुन्नीची सोयरीक ठरत आली होती. म्हणून पिकअपमध्ये सिराजला पुढं, हुसेनमियाँच्या शेजारी जागा मिळे. बाकीचे मागं हौद्यात बसत.

"भावाला मी सांगितलाय, मुलगी मुरुडकरांची," गाडी चालवता चालवता हुसेनमियाँ एकदा म्हणाले होते. "पुढचा त्यानं इचारला नाय, मी बोललो नाय. मी डोळे मिटून घेतलेत, सिराज. तू उघडायला लावू नको."

"नाय मियाँ," सिराज म्हणाला होता. मुन्नीच्या मुलांना कुणी हबशी म्हणणार नाही, एवढं एकच मागणं घेऊन तो या वाळूत उतरला होता.

म्हाताऱ्याचं नाव फरज. मालकानं ठेवलेलं, आधीचं त्याला आठवत नव्हतं. लहानपणी त्याला होडीतून आणून इथं विकलं होतं. पंधराएक वर्षांपूर्वी राजाच्या हुकमानं गुलाम मोकळे झाले, तेव्हा फरजही मोकळा झाला. फाटक उघडं होतं. जायचं कुठं ते त्याला सुचलं नाही. तो त्याच बागेत राहिला.

सिराज पंपावर आला की फरज त्याच्याकडे निरखून बघे आणि विचारी, "इंत मिन्ना?" तू आमच्यातला का?

"ला," सिराज म्हणे. "हिंदी." मी हिंदुस्थानी.

म्हातारा दात नसलेलं हसू हसे, जसं काही सिराजनं नेहमीचा विनोद पुन्हा केला होता.

मोडक्या अरबीत दोघं बोलू लागले. फरजला एक झाड आठवे, घराएवढ्या बुंध्याचं. आईचा चेहरा आठवत नसे. आईची बोटं आठवत, लाकडी उखळीच्या काठावर वाजणारी. "होडीत पुष्कळ मुलं होती," तो एकदा म्हणाला. "अर्धी इथं उतरवली."

"आणि बाकीची?"

फरजनं हात पूर्वेकडे उचलला. तिकडे वाळू होती. वाळूपलीकडे समुद्र, आणि त्याही पलीकडे मुरुड.

सिराजनं स्वतःला समजावलं: आपलं घराणं तिथं कैक पिढ्यांचं, या म्हाताऱ्याच्या होडीशी आपला काय संबंध? पण त्या दिवसापासून तो हात त्याच्यासमोर उचललेलाच राहिला. जेवताना, नमाजात, पंपाच्या तोंडातून उसळणाऱ्या पाण्यातही.

आणखी एक गोष्ट होती, जी तो कुणाला सांगत नसे. अम्मा गेली तेव्हा पडवीत कोकणी मुसलमान पाहुणे बसले होते. मावशी पातेलं घेऊन अंगणात आली, तिनं ते उपडं घातलं, आणि सिराजनं ते तिच्या हातांखालून ओढून घेतलं. "लोका बसलीत," तो दातओठ खाऊन म्हणाला. अम्मा मुक्यानं गेली. तेव्हापासून कुठलंही यंत्र उघडलं की तो आधी तोच ठोका शोधी. तो सापडला तर आपण काय करणार, हे मात्र त्यानं कधी ठरवलं नव्हतं.

थंडी संपता संपता फरज त्याच पाइपाला टेकून मेला.

मालकाच्या मुलानं कफन पाठवलं. तो स्वतः दम्मामला गेला होता. हुसेनमियाँनी मय्यत पिकअपमधून कबरस्तानाजवळच्या गुसलखान्यात आणवली. मय्यत धुणाऱ्या म्हाताऱ्यानं पातेल्यात बोरीचा पाला घातलेलं पाणी तयार ठेवलं, बाह्या सारल्या आणि दारात येऊन विचारलं, "याचं आपलं कुणी आहे का? पहिलं पाणी आपल्या माणसानं घालायचं."

बागेतले दोघं मजूर एकमेकांकडे पाहू लागले.

"कुणी नाय त्याचा," हुसेनमियाँ मराठीत पुटपुटले. "यल्ला, चल सिराज, पंप बंद पडलेत तिकडं."

सिराज हलला नाही. पाल्याचा वास त्याच्या घशात उतरला. अम्माच्या पाण्यातही हाच पाला होता.

"सिराज," हुसेनमियाँचा आवाज खाली आला. "मी अजून डोळे मिटलेले हायत. मुन्नीचा इचार कर."

"तिचाच करतोय, मियाँ," सिराज म्हणाला. मग तो धुणाऱ्याकडे वळला. "अना," तो म्हणाला. मी. आणि कुणी विचारलं नसताना पुढं म्हणाला, "मिन्ना." हा आमच्यातला.

आत ओल्या फळीवर फरज लहान मुलाएवढा दिसत होता. सिराजनं पहिला तांब्या उजव्या खांद्यावर ओतला. त्याचा हात त्या छातीवरून, त्या बरगड्यांवरून फिरला, आणि आपला हात कुठं संपतो नि म्हातारा कुठं सुरू होतो, हे त्याला ओलेपणात ओळखता येईना. त्यानं ते पांढरे, घट्ट कुरळे केस धुतले. पाणी त्यांच्यात मुरत नव्हतं, थेंबाथेंबांनी वरच थांबत होतं. लहानपणी त्याच्या डोक्यावर थांबे तसंच.

कफन गुंडाळून झाल्यावर त्यानं रिकामं पातेलं उचललं आणि जमिनीवर उपडं घातलं. धुणारा पाहत राहिला; त्याच्या कपाळाला आठी पडली, पण त्यानं अडवलं नाही. सिराजनं बोटं टेकवली. दोन जवळजवळ. मग तो थांबला, एक अख्खा श्वास, आणि तिसरा वाजवला. तो फरजसाठी होता. पुढचे त्यानं डोळे मिटून वाजवले, आणि ते अम्माला पोचले की नाही, हे विचारायला आता कुणीच उरलं नव्हतं.

दफन करून माणसं परतली. पिकअपमध्ये पुढच्या सीटवर हुसेनमियाँनी आपली कातडी बॅग ठेवली होती. ते समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत होते. डोळे पूर्ण उघडे. सिराजनं बॅगेकडे पाहिलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत तो चाकावर पाय देऊन मागच्या हौद्यात चढला.

पांडूनं सरकून जागा केली. त्याला काहीतरी बोलायचं होतं. ओठापर्यंत आलेली थट्टा त्यानं गिळली. "बस, सिराजभाय," एवढंच तो म्हणाला.

गाडी सुटली. बागा मागं पडत गेल्या, वाळूचा वारा तोंडावर येऊ लागला. पांडूचे केस कपाळावर विस्कटून आले. सिराजनं टोपी काढली आणि घडी करून खिशात ठेवली. आठवडाभर कापायचे राहिलेले त्याचे केस वर आले होते. वारा त्यांच्यावरून जात राहिला. त्यांतला एकही हलला नाही.