दहा मिनटं पुढचं घड्याळ

भुपेंद्रचा पाय काही एका जागी ठरत नव्हता. नागझिऱ्याच्या जंगलात गाईडगिरी करता करता केस पिकले, अन् आज त्याचा बिल्ला वनखात्याच्या साहेबाच्या टेबलावर पडला होता. त्यानं काढलेल्या वाघिणीच्या फोटोवर हापिसातला कम्प्युटर दुपारचे बारा-चाळीस दाखवत होता. सकाळ अन् दुपारच्या फेरीच्या मधात तर जंगल बंद! चोरून आत शिरला, असा ठपका. ठपका पक्का झाला का बिल्ला गेला, अन् पोटापाण्याचं कामही गेलं.

"सकाळच्या फेरीतला फोटो आहे जी. गवतावर दव दिसून राह्यलं पाहा."

"मशीन कायले खोटं बोलन?" साहेब म्हणाला.

भुपेंद्र खिडकीशी गेला, परत आला, पुन्हा गेला.

"बस ना काका, डोकं फिरवून राह्यला," संग आलेली पुतणी प्रेरणा म्हणाली. तिनं काकाच्या कॅमेऱ्याचं कार्ड आपल्या लॅपटॉपात घातलं. तिथं सकाळचे सात-दहा!

"साहेब, कार्ड फक्त घड्याळाचे काटे लिहून ठेवते. कोण्या गावचे काटे, ते नाही लिहीत. सेकंद भी धड नाही, दोन-दोनच्या जोडीनं मोजते. तुमच्या मशीनची सिस्टीम वेगळी. तिले वाटते हे लंडनचं घड्याळ, म्हणून आपले साडेपाच तास वरून चढवते."

"काही भी!"

"मग काकाच्या कॅमेऱ्यानं तुमचाच फोटो काढते."

काढला. कार्ड हापिसाच्या कम्प्युटरात घातलं. संध्याकाळचे सात-दहा! बाहेर ऊन रखरखत होतं. साहेब हसला, अन् भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहून एकदम थांबला. तिथं दीड.

"दीडात साडेपाच मिळवले तर सात होते. हे दहा मिनटं कुठून आले? घड्याळाशी छेडखानी केली का?"

भुपेंद्र खिडकीपासून टेबलाशी आला. "केली जी. गेटवर उशीर झाला का दंड बसते. म्हणून मनगटावरचं घड्याळ दहा मिनटं पुढंच ठेवतो, अन् कॅमेऱ्यातलं भी त्याच्यावरच लावतो. सारेच गाईड ठेवतेत."

साहेबानं बाहेर उभ्या शालीकराम गाईडला हाक मारली. "किती वाजले रे?"

"एक चाळीस जी!"

साहेबानं कपाळावर हात मारला अन् बिल्ला पुढं सरकवला. "जा बापा. पण कॅमेऱ्याचं घड्याळ ठीक कर."

"हो जी."

बाहेर येऊन भुपेंद्रनं कॅमेऱ्याच्या बटणावर बोट ठेवलं. मग मनगटाकडं पाहिलं, अन् बोट काढून घेतलं.

"चाल वो पोरी, दुपारचं गेट हुकते!"

"लय वेळ आहे काका अजून."

पण काका केव्हाचा धावत सुटला होता.