आतून नकार

सासऱ्यांचे हात थरथरू लागले, तशी त्यांच्या किल्ल्यांच्या दुकानात सून बसू लागली. "बाईमाणसाला जमायचं नाही," म्हणणाऱ्यांचीच कुलपं तिनं वर्षभरात उघडून दिली. आता सगळे तिला किल्लीवालीच म्हणत.

एका दुपारी एक गृहस्थ घाईघाईनं आला. "किल्ली हरवलीय. घरी कुणी नाही. चला लवकर."

तिसऱ्या मजल्यावर ती दारापुढे उकिडवी बसली. तो मागे येरझाऱ्या घालत होता. त्याच्या बुटांच्या आवाजानं तिचं लक्ष लागेना. दोन खटके सुटले, आणि हात थबकला. दाराला टेकून आत कुणीतरी श्वास घेत होतं.

"ताई, उघडू नका."

तिनं वळून पाहिलं. "घरी कुणी नाही म्हणालात ना?"

"बायको आहे. डोकं फिरलंय तिचं. तुम्ही तुमचं काम करा."

घर त्याचं, कुलूप त्याचं; नाही म्हणणारी आपण कोण? तरी तिनं कुलपातली तार बाहेर ओढली. "आतलं माणूस नको म्हणतंय. मी नाही उघडणार."

"तुझ्यासारखे छप्पन्न पडलेत बाजारात!" म्हणत तो धाडधाड जिना उतरला.

"गेला तो," ती दाराशी वाकून म्हणाली. "आतून कडी लावून घ्या."

"कडी त्यानंच काढून टाकलीय. किल्ली मी त्याच्या खिशातून घेतली. बहीण निघालीय, तासभर लागेल."

दार वीतभर उघडलं. आतल्या बाईचा ओठ सुजला होता. किल्लीवालीनं पिशवीतून नवी कडी काढली. घाईत स्क्रू दोनदा हातातून पडला. जिन्यात जरा खुट्ट झालं की ती थांबून कान देई. कडी बसली, ती बाहेर आली, दार आतून लागलं. पण तिचा पाय निघेना. समोरच्या काकूंना हाक मारून ती पायरीवरच बसली.

तो आला, तो बाजारातल्या म्हाताऱ्या कुलूपवाल्याला घेऊनच.

"तुला नाही जमलं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"जमलं असतं, काका. आत बाई आहे. नको म्हणतेय."

म्हाताऱ्यानं गृहस्थाकडे पाहिलं, पिशवी खांद्याला लावली आणि आल्या वाटेनं गेला. गृहस्थ दारावर लाथा घालू लागला, तेव्हा काकूंनी सगळा मजला गोळा केला. एवढी माणसं पाहून तो वरमला. बहीण आपल्या नवऱ्याला घेऊन आली आणि ती बाई त्यांच्या मधोमध चालत, एकाच बॅगेनिशी बाहेर पडली.

दुकानात परतल्यावरही किल्लीवालीला चैन पडेना. "मामा, याआधी कितीतरी बंद दारं मी न विचारताच उघडली," ती सासऱ्यांना म्हणाली.

मामांनी हातातली किल्ली गल्ल्यावर ठेवली. मग म्हणाले, "मीसुद्धा."